सातवा सामना आपण हरलो

अण्णा,

हॉस्पिटलमधून तुमचा तो एकच व्हिडिओ कॉल आला, तेव्हा नर्सने फोन इतका जवळ धरला होता की मला तुमचं कपाळ आणि एकच डोळा दिसत होता. मी तब्येतीचं विचारायला तोंड उघडलं, तर तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत.

"मंजू, ते पाठवलंस का गं?"

"नाही अण्णा, अजून नाही."

"मग बदल."

"बदलते."

तेवढं ऐकून तुमच्या कपाळावरची आठी सैल झाली. "ही इज अ बिट टायर्ड, लव्ह," असं नर्स म्हणाली आणि फोन बंद झाला. त्यानंतर तीन दिवसांनी तुम्ही गेलात.

मी खोटं बोलले होते. लेख त्याच्या आठवडाभर आधीच ईमेलने कोल्हापूरला गेला होता, चुकीच्या स्कोअरसकट. तुम्हाला जाऊन आता तीन आठवडे झाले. तुमच्यासाठी करायचं ते सगळं केलंस, असं लोक मला म्हणतात आणि मी मान हलवते. तुमच्याशी मात्र खरं बोलायचं राहिलं आहे.

बारा वर्षं आपण इथे परदेशात, गिरावीन उपनगरातल्या एका घरात काढली. आई गेल्या, संजय तुम्हाला इकडे घेऊन आला, तेव्हा सासऱ्यांशी रोज बोलायचं तरी काय, असा मला प्रश्न पडला होता. तुम्ही पहिल्याच रविवारी तो प्रश्न सोडवलात. जेवताना विचारलंत, "मंजू, तू कधी सगळे सामने हरली आहेस का? सगळे?" मी युनिव्हर्सिटीकडून बॅडमिंटन खेळलेली बाई. मी म्हटलं, "छे!" तुम्ही भातावर वरण घेत म्हणालात, "मग तुला सांगण्यासारखं माझ्याकडे बरंच आहे."

आणि सांगितलंत. बारा वर्षं सांगत होतात.

कोल्हापूरसारख्या गावात, जिथे पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ आणि त्यांच्यासाठी जीव टाकणारी माणसं, तिथे तुमच्या कॉलेजची टीम एका वर्षी सातही सामने हरली. झालं होतं असं की, चांगली खेळणारी मुलं खेळाच्या मास्तरांशी भांडून निघून गेली आणि उरलं कोणीच नाही. टीम उतरली नाही तर कॉलेजचं नाव स्पर्धेतून कटणार होतं. मग बापू नावाच्या एका मुलाने वर्गावर्गांत फिरून अकरा जण गोळा केले. त्यात एक तबला वाजवणारा होता, दोघं कुस्तीतले होते आणि गोलमध्ये उभे होतात तुम्ही, केमिस्ट्रीच्या वर्गातले सगळ्यात जाड चष्म्याचे. चष्मा पडू नये म्हणून पायजम्याची नाडी डोक्यामागून बांधायचात. विरुद्ध टीमचे लोक सामना सुरू व्हायच्या आधीच हसायला लागायचे.

पहिला सामना नऊ गोलांनी गेला. दुसऱ्यात जरा सुधारणा झाली, आठ. पाचव्या सामन्याला तर तुमच्याच कॉलेजची मुलं हुर्यो उडवायला आली होती. या सगळ्यात बापूने एक पद्धत काढली. सामना संपला की तंबूत जायचं नाही. आधी आपल्याला ज्याने चकवलं त्या खेळाडूकडे जायचं आणि त्याने काय चांगलं केलं, तेवढी एक गोष्ट त्याला सांगायची. तीही खरी हवी. नुसतं 'छान खेळलास' चालणार नाही. तुम्ही याला 'शाबासकी द्यायला जाणं' म्हणायचात. गोलकीपर असल्यामुळे सगळ्यात जास्त शाबासक्या तुम्हालाच द्याव्या लागल्या, हे तुम्ही मोठ्या तोऱ्यात सांगायचात.

पद्धत तुमच्या अंगात इतकी मुरली होती की तुम्ही ती गिरावीनला घेऊन आलात. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थांबवून "यू ब्रेक व्हेरी सॉफ्टली" सांगायचात आणि मागची रांग खोळंबायची. शेजारचा ग्रेग आपल्या दोघांच्या कुंपणावरून तुमच्याशी वर्षभर वाद घालत होता. शेवटी कौन्सिलने त्याच्या बाजूने निकाल दिला, तर तुम्ही त्याच संध्याकाळी त्याच्या दारात. "युवर लेटर वॉज बेटर दॅन अवर लेटर." ग्रेगला आधी वाटलं तुम्ही भांडायला आलात. मग तो म्हणाला, "यू आर ॲन ऑड वन, मेट," आणि तेव्हापासून आपल्या कचऱ्याच्या बिन्ससुद्धा तोच बाहेर काढून ठेवायचा. मीरा तिच्या मैत्रिणींना सांगायची, "माय आजोबा रिव्ह्यूज पीपल."

मला मात्र याचं कौतुक वाटत नव्हतं. आता लपवून काय करू? मला तुमची थोडी लाज वाटायची. हरलो, हे माणसाने एकदा सांगावं, फार तर दोनदा. पेंडल हिलला आपल्या लोकांचं दिवाळीचं गेट-टुगेदर होतं, आठवतं? एका बाजूला कुणाचे वडील एअर फोर्समधले, कुणाचे बँकेत मोठ्या हुद्द्यावरचे, आणि तुम्ही सगळ्यांच्या मध्ये, तिसऱ्या सामन्यात चेंडू तुमच्या पायांमधून कसा गेला ते उभं राहून करून दाखवत होतात. लोक हसत होते. मी ताटं गोळा करत म्हटलं, "अण्णा, दुसरं काहीतरी सांगा ना." तुम्ही खाली बसलात. मी त्याबद्दल कधीच माफी मागितली नाही.

मग हे लॉकडाऊन आलं. आमच्या भागाला सगळ्यात कडक नियम, पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, दिवसातून एक तास व्यायाम, वर पोलिसांचं हेलिकॉप्टर. मी फार्मसीत कामाला जायचे, कारण औषधं थांबवून चालत नाही. संजय आणि मीरा घरात दोन खोल्यांतून दोन स्क्रीनसमोर. सकाळी अकरा वाजता टीव्हीवर आजचे रुग्णांचे आकडे सांगायचे, ते तुम्ही कधी चुकवले नाहीत. मी घरी असले तर आतून विचारायचे, आणि तुम्ही सांगायचात, "कालच्यापेक्षा जास्त खाल्ले. बचाव ढिला आहे."

तुमचा तासभराचा व्यायाम पार्कात व्हायचा. खेळ बंद होते, पण गोलपोस्ट तिथेच होते. एका दुपारी मी दुकानातून लवकर सुटले आणि तिकडून येताना बघते तर तुम्ही मास्क लावून, काठी घेऊन, दोन खांबांच्या मधोमध उभे. समोर मीरा, पायाशी चेंडू. ती घाबरून हळूच ढकलत होती आणि तुम्ही ओरडत होतात, "मी काय काचेचा आहे? जोरात मार!" तिने मारला. चेंडू तुमच्या उजवीकडून आत गेला आणि तुम्ही काठी टेकत टेकत पूर्ण अंतर चालून तिच्यापर्यंत गेलात. "शेवटच्या क्षणापर्यंत तू कुठे मारणार ते मला कळलं नाही. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मारलास तिकडे. हे शिकवून येत नाही." घरी येताना मीरा माझ्या हाताला धरून उड्या मारत होती. इतक्या महिन्यांत तिला मी तसं बघितलं नव्हतं. ज्या पोरीला मी रोज 'मार्क्स का कमी' विचारत होते, तिला तुम्ही हरता हरता असं काही देऊन टाकलंत, जे मला जमत नव्हतं.

त्याच आठवड्यात कोल्हापूरहून पाटील मॅडमचा ईमेल आला. तुमच्या कॉलेजच्या वर्धापनाची स्मरणिका निघणार होती आणि त्या संपादक होत्या. सोबत आजवरच्या फुटबॉल टीमची यादी होती, वर्षवार. तुमच्या वर्षासमोर लिहिलं होतं, 'माहिती उपलब्ध नाही.' तुम्ही भिंग लावून ते तीनदा वाचलंत.

"उपलब्ध नाही म्हणजे काय? मी आहे की."

तुम्ही लिहायला बसलात, पण हात थरथरायचा, दोन ओळींत अक्षर पानाबाहेर जायचं. मग मला म्हणालात, "मंजू, तू लिही. मी सांगतो. अकरा जणांची नावं छापून आली पाहिजेत, एवढंच." मी म्हटलं, लिहिते. मनात म्हटलं, हरलेल्या टीमवर चार पानं कोण छापणार आहे?

लिहायला बसले आणि मला ती टीम आवडायला लागली, हे कबूल करते. दोघांत एक जोडी बूट होते आणि मध्यंतरात ते बदलले जायचे. तबलावाल्याला बोटं सांभाळायची असायची म्हणून तो हात खिशात घालून धावायचा. रोज दुकानातून दमून यायचे, लोक काउंटरवर येऊन रडायचे, चिडायचे, 'हे कधी संपणार' विचारायचे. घरी आले की तुम्ही आणि तुमचे दहा जण माझी वाट बघत असायचे. सहा सामने मी लिहून काढले, तुम्ही सांगितलेत तस्से.

सातव्याला माझा हात थांबला.

तुम्ही सांगितलं होतंत की सातवा सामना चार-एक असा गेला. बापूच्या गुडघ्याला लागून एक गोल आत गेला, सबंध मोसमातला तुमच्या टीमचा एकमेव गोल. मध्यंतराला एक-एक होतं. मग भुरभुर पाऊस आला, आणि उरलेल्या वेळात तीन गोल झाले. चौथ्याच्या वेळी चष्म्यावर पाणी होतं आणि तुम्हाला चेंडू दिसलाच नाही. 'चौथा माझा,' हे तुम्ही दर वेळी सांगायचात. रविवारची दुपार होती, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि मला त्या पोरांना सातव्यांदा हरवणं जमेना. एवढं सगळं हरतच होतो आम्ही सगळे. मी मध्यंतराचाच स्कोअर शेवटचा केला. एक-एक. बरोबरी. एका वाक्यात तीन गोल पुसले, पावसात भिजलेली अकरा पोरं मैदानातून मान वर करून परतली असं लिहिलं, आणि वाचून मलाच रडू आलं. त्याच भरात पाठवून दिलं.

मला वाटलं मी तुम्हाला भेट देते आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला प्रिंट काढून दिली. तुम्ही खिडकीशी बसून वाचत होतात, मी पोळ्या करत होते. सहाव्या सामन्यापर्यंत तुम्ही मधूनमधून 'हं, बरोबर' म्हणत होतात. मग आवाज बंद झाला. शेवटी हाक आली, "मंजिरीबाई."

तुम्ही मला मंजिरीबाई म्हणालात की माझी धडगत नसायची.

"हे बरोबरीचं काय आहे?"

"अण्णा, एवढं काय त्यात? छान वाटतं वाचायला. आणि कोणाला कळणार आहे?"

"आमच्यातल्या दिनूला कळेल. तो आहे अजून. आणि मला कळलं की!"

मग तुम्ही मला एक गोष्ट सांगितलीत, जी बारा वर्षांत कधी सांगितली नव्हती. किंवा सांगितली असेल आणि मी ताटं गोळा करत असेन. सातवा सामना संपल्यावर तुम्ही नेहमीप्रमाणे शाबासकी द्यायला निघालात, तर समोरची टीम तंबूत गेलीच नव्हती. तुमची पद्धत तोवर गावभर झाली होती. ते अकराही जण पावसात ओळीने उभे होते, तुमची वाट बघत. तुमच्या मुलांनी सांगायचं ते सांगितलं. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. एकेकाने, समोरच्या एकेकाला. तीन गोल मारणारा त्यांचा सेंटर फॉरवर्ड तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लेका, तुला दिसत नाही तरी तू कधी उडी मारायचा थांबला नाहीस. मला प्रत्येक वेळी वाटायचं, हा अडवणार."

"बरोबरीत सुटला असता सामना," तुम्ही म्हणालात, "तर आम्ही गेलो नसतो आणि ते थांबले नसते. आयुष्यभर मी त्या एका वाक्यावर उभा राहिलो. शाळेत शिकवताना, तुझ्या सासूच्या आजारपणात, इथे या परक्या गावात. तू ते पुसलंस. त्याच्या जागी काय दिलंस? एक पॉइंट!"

मी गप्प बसायला हवं होतं. पण हरणं मला कधी जमलंच नाही. मी लाटणं आपटून म्हणाले, "तुम्हाला हरायची इतकी हौस का आहे, अण्णा?"

तुम्ही कागद घडी करून टेबलावर ठेवलात आणि खोलीत गेलात. दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. लेख आधीच गेला आहे, हे तर मी सांगितलंच नव्हतं. तुम्हाला तो कच्चा मसुदा वाटत होता. उद्या सांगू, असं मी दोन दिवस म्हणत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काठी टेकत स्वयंपाकघरात आलात. मी डबा भरत होते. तुम्ही ओट्याला टेकून उभे राहिलात आणि म्हणालात, "दुसऱ्या सामन्याचं तू जे लिहिलंयस ना, तो तबलावाला हात खिशात घालून धावतो ते, तिथे मी त्याला परत बघितला. सत्तर वर्षं होत आली, मी त्याचं धावणं विसरलो होतो. ते तू बरोब्बर धरलंस."

मी "थँक्यू अण्णा" म्हटलं आणि शिफ्टला निघून गेले. बसमध्ये बसेपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आपल्या भांडणात तुम्ही स्वतःला हरलेला धरलं होतंत आणि नियमाप्रमाणे चालत माझ्याकडे आला होतात. ज्या बाईने दोन दिवसांपूर्वी तुमच्या तोंडावर ते वाक्य फेकलं होतं, तिच्याकडे. अण्णा, इतकं मोठं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

संध्याकाळी घरी जाऊन खरं सांगायचं, असं ठरवलं. पण दुपारीच संजयचा फोन आला की तुम्हाला दम लागतोय आणि अँब्युलन्स आली आहे. कोविड नव्हता, हृदय थकलं होतं. पण नियम सगळ्यांना सारखे. शेवटी एकाच माणसाला आत सोडणार होते आणि तो संजयच असायला हवा होता. मी गाडीत, पार्किंगमध्ये बसून होते. मला फक्त तो एक व्हिडिओ कॉल मिळाला आणि त्यात मी काय केलं ते वर लिहिलंच आहे. आजारी माणसाला त्रास नको म्हणून खोटं बोलले, असं मी संजयला सांगितलं. तसं नव्हतं. मला तुमच्यासमोर चूक ठरायचं नव्हतं.

निरोपाला दहा माणसांची परवानगी. सगळे मास्कमध्ये, दीड-दीड मीटरवर. संजय माझ्या कानाशी म्हणाला, "अण्णा असते तर म्हणाले असते, एक प्लेअर कमी आहे." आम्ही दोघं हसलो. ग्रेगला आत जागा नव्हती, तर तो रस्त्यावर, त्याच्या गेटपाशी, टाय लावून उभा होता. आमची गाडी निघाली तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, "ही वॉज अ बेटर नेबर दॅन मी." तुम्ही त्याला बिघडवलं होतंत.

तेरा दिवस झाल्यावर मी पाटील मॅडमना फोन लावला.

"ताई, वाईट झालं हो. पण लेख काय झालाय! सहा सामने हरलेली पोरं सातव्यात बरोबरी करतात, अंगावर काटा आला बघा. पानं छपाईला लागलीत."

मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता राहू दे की ताई. कोण तपासायला बसलंय? त्या टीममधलं एकच माणूस हयात आहे, दिनकर माने, गडहिंग्लजला असतात. त्यांना तरी कशाला दुखवायचं? चांगलंच लिहिलंय की."

मोह झाला, अण्णा. मी जवळजवळ 'बरं' म्हणाले होते. मग म्हटलं, आधी माने काकांशी बोलते. मॅडम म्हणाल्या, गुरुवारपर्यंत बदलून दिलंत तर जुनी पानं काढते.

हे माने म्हणजे तुमचे दिनूकाका. ते तुम्हाला महिन्यातून एकदा फोन करायचे. मला ते माहीत होते ते तुमच्या ओरडण्यावरून. बोलणं छान चाललेलं असायचं आणि मध्येच तुम्ही "हॅलो, हॅलो, दिन्या, ऐकू येईना, लाइन खराब आहे" करून फोन ठेवायचात. मी म्हणायचे, "अण्णा, वायफाय फुल आहे." तुम्ही म्हणायचात, "तिकडचं खराब असेल."

इथली दुपार, तिकडची सकाळ. सुनेने फोन त्यांच्या कानाला लावून दिला.

"गोप्याची सून व्हय तू? बोल, बोल."

मी सगळं सांगितलं. लेख, बरोबरी, तुमचा राग, माझं खोटं. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं. मग म्हणाले, "किती लिहिलंस?"

"एक-एक, काका."

"चार! चार खाल्ले आम्ही. आणि चौथा कुणाचा, काय सांगितलं त्यानं?"

"त्यांचा. चष्म्यावर पाणी होतं."

"साफ थाप!" इतक्या जोरात म्हणाले की मी फोन लांब धरला. "चौथा माझा. मागं न बघताच मी गोप्याकडं म्हणून चेंडू सरकवला आणि त्यांच्या पोरानं मधेच उचलला. गोप्याला दुर्बीण दिली असती तरी गोल झाला असता. माझा थोरला भाऊ तालमीचा नावाजलेला खेळाडू, पहिल्यांदाच माझा खेळ बघायला आलेला. तंबूत बापूनं विचारलं, चौथा कसा झाला रे? भाऊ दारातच उभा. मी तोंड उघडायच्या आत गोप्या म्हणाला, माझा, चष्मा भिजला. आणि मी गप्प बसलो बघ. तवापास्नं गप्पच हाय. किती वेळा फोनवर काढलं, गोप्या, आता तरी सांगू दे लोकांना. की ह्याची लाइन खराब!"

मी हसत होते आणि माझे डोळे वाहत होते. अण्णा, म्हणजे स्कोअरवरून दोन दिवस माझ्याशी अबोला धरणारे तुम्ही स्वतः सत्तर वर्षं एका गोलाबद्दल खोटं बोलत होतात! आत्ता समोर असतात तर मी तुम्हाला सोडलं नसतं. पण फरक मला कळतो. तुम्ही दुसऱ्याची हार स्वतःच्या अंगावर घेतलीत. मी सगळ्यांचीच काढून घेतली.

"काका, मी स्कोअर दुरुस्त करते. चौथ्या गोलाचं काही लिहीत नाही."

"का? माझं नाव घालून लिही."

"अण्णांना आवडणार नाही."

"त्याला इचारायला तो हाय कुठं? माझ्या आधी निघून गेला." आवाज चिरकला. "पोरी, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा झालो मी. भाऊ गेला, बापू गेला. आता गोप्या पण गेला. माझी चूक मला घेऊन जाऊ दे. त्याच्या नावावर ठिवून मी जाणार न्हाई."

म्हणून मी पाटील मॅडमना कळवलं की जुना लेख काढा, त्याच्या जागी हे पत्र छापा. अकरा जणांची नावं सोबत वेगळ्या चौकटीत येतील. आणि त्याआधी, दिनूकाका फोनवर असतानाच मजकूर तयार केला, त्यांना वाचून दाखवला: 'सातवा सामना आपण चार-एक हरलो. चौथा गोल दिनकर माने यांच्या गैरसमजातून झाला.'

"गैरसमज न्हाई. चूक. चूक लिही."

सवय जात नाही, अण्णा. मी खोडलं, बदललं, परत वाचलं: 'सातवा सामना आपण चार-एक हरलो. चौथा गोल दिनकर माने यांच्या चुकीमुळे झाला. गोलकीपरचा त्यात दोष नव्हता.'

"आणि एकदा वाच."

मी वाचलं. पलीकडे सुनेला ते म्हणाले, "चहा टाक." मग मला म्हणाले, "छाप."

छापते आहे, अण्णा. रागावलात तर रागवा.